सर्वांत लहान यात्रेकरू आणि उन्हाळ्यातले नाशिक

महावीर जन्मकल्याणकाची मिरवणूक निघून जाते, चैत्री ओळीचे पारणे होते, शाळांच्या परीक्षा संपतात आणि घरोघरी एकच विषय निघतो : यंदा सुट्टीत कुठे जायचे? आषाढात चातुर्मास बसला की श्रावक-श्राविकांचे दूरचे प्रवास आवरतात. त्यामुळे वैशाख आणि ज्येष्ठ हेच यात्रेचे, सहलीचे आणि नातेवाइकांकडे जाण्याचे दिवस ठरतात. आजींच्या मनात शत्रुंजयाची यात्रा असते, आजोबांना मांगी-तुंगीला जायचे असते, मुलाला महाबळेश्वरची थंड हवा हवी असते. सूनबाईंना कुठेही चालेल, फक्त चार दिवस स्वयंपाकघर दिसू नये, एवढीच त्यांची इच्छा असते.

या सगळ्या चर्चेत घरातल्या एका सदस्याला कोणी काही विचारत नाही. तो दीड-दोन वर्षांचा असतो, नुकता पाय फुटल्यासारखा सगळीकडे धावत असतो. त्याला अजून नीट बोलता येत नाही. पण प्रवासाच्या पहिल्याच दुपारी तो आपले मत सर्वांना स्पष्ट कळवतो. मग ठरलेले बेत एकेक करून गळतात आणि परतताना प्रत्येकाच्या मनात काहीतरी राहून गेल्याची खंत असते. लहान मुलाला घेऊन सुट्टीचे ठिकाण निवडणे हा म्हणूनच वाटतो त्याहून नाजूक प्रश्न आहे. नाशिक आणि त्याचा परिसर यांच्या निमित्ताने तो नीट तपासून पाहण्याजोगा आहे.

मागे कोण थांबणार?

ठिकाण निवडताना सहसा तिथे काय काय पाहण्यासारखे आहे याची यादी केली जाते. घरात लहान मूल असेल तर त्याआधी एक साधा प्रश्न विचारावा लागतो : मूल झोपलेले असताना, रडत असताना किंवा कंटाळलेले असताना त्याच्याजवळ कोण थांबणार, आणि कुठे?

याचे उत्तर बहुतेक घरांत न बोलताच ठरलेले असते. बाकीची मंडळी डोंगर चढून येतात, तलावात नौकाविहार करून येतात, सूर्यास्त पाहून येतात. मुलाची आई मात्र पडदे ओढलेल्या खोलीत झोपलेल्या बाळाशेजारी बसून असते. घरी परतल्यावर छायाचित्रांत ती फारशी सापडत नाही. कधी आईऐवजी आजी थांबते आणि जिच्यासाठी यात्रा ठरवली, तिचेच दर्शन घाईघाईत उरकले जाते. सुट्टी साऱ्या कुटुंबाची म्हणायची आणि तिचा भार एकटीने वाहायचा, हे न्यायाचे नाही.

म्हणून लहान मुलासोबतच्या प्रवासाची कसोटी वेगळी असायला हवी. ज्या ठिकाणी मागे थांबणे ही शिक्षा वाटत नाही, जिथे थांबणाऱ्याला सावली, गार वारा, प्रसन्न अंगण, सोबत आणि वेळेवर ताट मिळते, आणि जिथे थांबणारी व्यक्ती रोज बदलता येते, ते ठिकाण उत्तम. ही कसोटी लावली की नकाशावरील अनेक प्रसिद्ध नावे या वर्षापुरती बाजूला पडतात आणि काही विसरलेली नावे पुढे येतात.

पर्वतावरची तीर्थे आणि लहान मूल

आजींच्या इच्छेपासूनच आरंभ करावा, कारण ती सर्वांत आदराने ऐकली जाते आणि तिला नाही म्हणणे सर्वांत अवघड असते. पालिताण्याचा शत्रुंजय म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्यांची चढण. तिथे पर्वतावर खाणेपिणे टाळण्याची परंपरा आहे आणि सायंकाळपूर्वी सर्व यात्रेकरू खाली उतरतात. सम्मेद शिखरजीची पूर्ण वंदना सुमारे २७ किलोमीटरची : चढण, परिक्रमा आणि उतरण. वीस तीर्थंकरांच्या निर्वाणाची ही भूमी पाहण्याची ओढ कोणत्या श्रावकाला नसेल? परंतु दोन-दोन तासांनी दूध मागणारे, डायपर बदलावे लागणारे आणि ऊन लागले की मलूल होणारे मूल कडेवर घेऊन त्या पवित्र भूमीची आशातना न होऊ देणे फार कठीण जाते. डोलीत आजी बसतील, मूलही बसेल. पण त्याच्या भुकेला आणि तहानेला पर्वताचे नियम समजत नाहीत.

इथे आजींच्या मनाला एक समाधान देता येते. आठ वर्षांच्या आत बालकाला दीक्षा देत नाहीत, हे परंपरेत सर्वमान्य आहे. व्रत-नियमांची जबाबदारी पेलण्याचे वय त्याआधीचे नाही, असा त्याचा अर्थ. दोन वर्षांच्या नातवाची यात्रा चार-सहा वर्षांनी झाली तरी काहीच बिघडत नाही. आजींच्या गुडघ्यांना मात्र तेवढा अवधी नसतो. तेव्हा अशा पर्वतयात्रेला आजी-आजोबांनी मुलगा किंवा मुलगी यांच्यासोबत हिवाळ्यात स्वतंत्रपणे जावे आणि नातवासोबतची सुट्टी वेगळी ठेवावी. दोन्ही हेतू एकाच प्रवासात कोंबले की एकही धड साधत नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या मांगी-तुंगीलाही हेच लागू पडते. बागलाण तालुक्यातील हे सिद्धक्षेत्र नाशिकपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे. राम, हनुमान, सुग्रीव आदींसह ९९ कोटी मुनी येथून मोक्षाला गेले, अशी दिगंबर परंपरेची श्रद्धा आहे. अखंड पाषाणात कोरलेली भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती २०१६ साली येथे प्रतिष्ठित झाली आणि क्षेत्राची कीर्ती जगभर पोचली. पण दोन्ही सुळक्यांची वंदना करायची तर पायऱ्या हजारांत मोजाव्या लागतात. वैशाखात काळा कातळ सकाळी नऊपासूनच तापू लागतो. पायथ्याच्या भिलवाड येथे मंदिरे आणि राहण्याची सोय आहे, तरी वर गेलेल्यांची वाट पाहत लहान मुलाला तळपत्या दुपारी खाली सांभाळणे सोपे नाही. चांदवडची लेणी, मनमाडजवळची अंकाई-टंकाईची जैन लेणी हीदेखील जिल्ह्याच्या अधिक कोरड्या पूर्व भागात येतात. ही सारी क्षेत्रे मार्गशीर्ष-पौषासाठी राखून ठेवावीत.

थंड हवेचा मोह

मग पुढे येतात थंड हवेची ठिकाणे. नाशिकहून महाबळेश्वर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. मोठ्यांना हा एका दिवसाचा प्रवास वाटतो. लहान मुलाला तो दोन जेवणे, एक झोप आणि अनेक वळणांचा होतो. सुट्टीत घाटातल्या वाहनांच्या रांगेत तासभर अडकून पडणे नित्याचे आहे. मोठी माणसे कंटाळतात. मूल मात्र उलट्यांनी बेजार होते.

सापुतारा त्या मानाने जवळ, नाशिकहून सुमारे ऐंशी किलोमीटर. तळे आहे, बाग आहे, हवाही नाशिकपेक्षा थंड आहे. दोन रात्रींसाठी ते वाईट नाही. मात्र सुट्टीच्या दिवसांत तिथे मोठी गर्दी असते. त्या गर्दीत मुलाची दुपारची झोप सांभाळायची असेल तर मुक्काम मुख्य चौकापासून दूर घ्यावा लागतो.

भंडारदऱ्याचे आकर्षण आणखी वेगळे. प्रवरेवरचे १९२६ साली पूर्ण झालेले विल्सन धरण, समोर कळसूबाईची रांग आणि मेअखेरीस, मृगाच्या आधी झाडाझाडांवर लुकलुकणारे असंख्य काजवे. हे दृश्य अप्रतिम असते यात शंका नाही. परंतु काजवे रात्री पाहायचे असतात आणि त्या वेळी मूल झोपेला आलेले असते. जैन कुटुंबाने विचारात घ्यावी अशी आणखी एक बाब आहे. काजव्यांचे मीलन आणि अंडी घालणे याच दिवसांत चालते. शेकडो वाहनांचे दिवे, विजेऱ्यांचे झोत आणि झाडांखाली फिरणारी पावले यांत कितीतरी जीव चिरडले जातात किंवा त्यांच्या मीलनात अडथळा येतो. जीवदयेचा संस्कार मुलाला द्यायचा असेल तर काजव्यांना त्यांच्या अंधारात सुखाने राहू देणे हाही त्याचाच भाग आहे.

देवळालीची जुनी रीत

या पर्यायांच्या गर्दीत एक जुने, काहीसे विस्मरणात गेलेले नाव आहे : देवळाली. आजच्या आजी-आजोबांच्या लहानपणी मुंबईतील कुटुंबे इथे ‘हवापालटासाठी’ येत. एखाद्या आजारातून उठलेले माणूस, बाळंतीण, सतत सर्दी-खोकल्याने बेजार असलेले मूल यांना डॉक्टर देवळालीची हवा सुचवीत. ब्रिटिशांची लष्करी छावणी म्हणून वाढलेल्या या गावात पारशी, गुजराती, कच्छी, मारवाडी आणि जैन दानशूरांनी सॅनिटोरियम उभारली. ओळीने खोल्या, समोर लांब ओसरी, मागे स्वयंपाकाची सोय आणि पुढे झाडांचे आवार अशी त्यांची रचना. मंडळी आठवडाभर, कधी महिनाभर राहत. रोज नवे काही पाहायचे असते, हे त्यांच्या गावीही नव्हते. सकाळी फेरफटका, दुपारी वामकुक्षी, संध्याकाळी मंदिर, असा त्यांचा दिवस असे.

ही रीत लहान मुलासाठीच घडवल्यासारखी आहे. नाशिक परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा ३८ ते ४० अंशांच्या घरात जातो, कधी त्याहीपुढे. याबाबत गोड गैरसमज नको. परंतु इथली हवा कोरडी आहे आणि रात्र उतरते. सूर्य मावळल्यावर वारा सुटतो, पहाटे तापमान बावीस-तेवीस अंशांपर्यंत खाली येते आणि अंगावर पातळ चादर घ्यावीशी वाटते. मुंबईत रात्रभर घामाने चिंब होऊन रडणारे मूल इथे सलग झोपते. त्याची झोप झाली की आईची होते, आणि आईची झोप झाली की साऱ्या घराची सुट्टी सुखाची होते.

पोचण्याची सोयही मोठी आहे. मुंबईहून रेल्वेने कसारा घाट चढून आले की इगतपुरीनंतर देवळाली आणि त्यापुढे नाशिक रोड. पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र जागा न घेता रेल्वेचे तिकीट लागत नाही. शिवाय डब्यात चालता-फिरता येते. मोटारीने येणाऱ्यांनी मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसण्याची सवय सोडावी. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीचे आसन न वापरल्यास १,००० रुपये दंड आहे; दंडापेक्षा मुलाचा जीव मोलाचा, हे वेगळे सांगायला नको. दर्शनाला जाताना झोपलेल्या मुलाला बंद गाडीत ठेवणे तर दोन मिनिटांसाठीही नको. उन्हात उभी गाडी पाहता पाहता भट्टी होते.

मुक्काम देवळालीतच हवा असे नाही. मुंबई-आग्रा महामार्गावर विल्होळीचे धर्मचक्र प्रभाव तीर्थ आहे, म्हसरूळला गजपंथाची धर्मशाळा आहे. कुठेही उतरले तरी तत्त्व एकच : खोली एकच ठेवावी, रोज बोचके बांधू नये. मूल पहिल्या दिवशी नवी जागा तपासते, दुसऱ्या दिवशी रुळते आणि तिसऱ्या दिवशी ओसरीतल्या मांजराला ओळखू लागते. नेमके तेव्हाच सामान आवरून दुसऱ्या गावी निघणे म्हणजे पहिला दिवस पुन्हा सुरू करणे.

गजपंथ : वरचे आणि खालचे

आजींच्या यात्रेची इच्छा मग अपुरी राहते का? नाशिकमध्ये तसे होत नाही, कारण इथे गजपंथ आहे.

शहराच्या उत्तरेला, दिंडोरीच्या वाटेवर म्हसरूळ गावाजवळ ही टेकडी उभी आहे. सात बलभद्र आणि आठ कोटी मुनी यांची ही निर्वाणभूमी मानली जाते. निर्वाणकांडात तिचे स्मरण आहे. टेकडीवरील लेणी अकराव्या शतकाच्या सुमाराची असून लोक त्यांना चामर लेणी म्हणून ओळखतात. पायऱ्या आहेत, काही उंचही आहेत. परंतु शत्रुंजय किंवा मांगी-तुंगीच्या तुलनेत ही चढण लहान आहे. सूर्योदयाच्या सुमारास निघाले तर सावकाश चढणाऱ्या माणसालाही ऊन चढण्यापूर्वी दर्शन घेऊन खाली येता येते.

‘मागे कोण थांबणार’ या प्रश्नाचे सुरेख उत्तर इथे मिळते. कुटुंबाने दोन तुकड्या कराव्यात. पहिल्या दिवशी आजी-आजोबा आणि मुलगा वर जातील. सूनबाई बाळाला घेऊन म्हसरूळच्या मंदिरात पूजा-भक्ती करतील, आवारातल्या सावलीत बसतील. दुसऱ्या दिवशी सूनबाई आणि घरातली थोरली मुले वर जातील आणि बाळ आजोबांच्या बोटाला धरून मंदिराच्या पायऱ्या चढ-उतर करील. त्याला त्या पाच पायऱ्या गजपंथाइतक्याच मोठ्या असतात. खाली थांबणाऱ्यालाही दर्शन आहे, वर जाणाऱ्यालाही आहे. कोणाची यात्रा हुकत नाही आणि कोणी कोणाच्या उपकारात राहत नाही. चढणीचा रस्ता जवळ असल्यामुळे दुसरा दिवस काढणेही अवघड जात नाही.

सकाळच्या दोन वाटा

उरलेल्या दिवसांपैकी दोन सकाळी आणखी दोन ठिकाणी घालवता येतील. ही दोन्ही ठिकाणे मोठ्यांच्या मनाला खाद्य देणारी आणि मुलाला कडेवर घेऊन पाहण्याजोगी आहेत.

पहिले त्रिरश्मी, म्हणजेच पांडवलेणी. शहराच्या दक्षिणेस महामार्गालगतच्या या डोंगरात २४ लेणी आहेत. ती मुख्यतः बौद्ध असून सातवाहन आणि क्षत्रप राजांचे शिलालेख त्यांत आहेत. गौतमीपुत्राची माता बलश्री हिचा प्रसिद्ध लेख तिसऱ्या लेण्यात आहे. पुष्कळ जैन कुटुंबे तेवढेच पाहून परततात. अकराव्या लेण्यात मात्र ऋषभनाथांची मूर्ती आणि अंबिकेची प्रतिमा आहे, हे ध्यानात ठेवावे. अंबिका ही नेमिनाथांची यक्षी. मांडीवर मूल आणि वर आंब्याची डहाळी ही परंपरेतील तिची ओळख. दोन वर्षांचे लेकरू कडेवर घेऊन त्या अंधाऱ्या, गार लेण्याच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या आईला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. लेण्यांपर्यंत पायऱ्या आहेत, त्यामुळे बाबागाडी खालीच ठेवावी आणि सकाळी उघडताच वर जावे.

दुसरे अंजनेरी. त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर, नाशिकपासून सुमारे वीस किलोमीटरवर. हनुमंताचे जन्मस्थान म्हणून त्याची ख्याती आहे आणि किल्ल्यावर चढणारे पुष्कळ असतात. लहान मुलासोबत किल्ला नको. पायथ्याच्या गावातच यादवकालीन मंदिरांचे भग्न समूह विखुरलेले आहेत आणि त्यांतली बरीच जैन आहेत. एका मंदिरात शके १०६३ चा शिलालेख असून सेऊणदेव यादवाच्या काळात एका वाणी अमात्याने दुकानांचे उत्पन्न मंदिराला दान दिल्याची नोंद त्यात आहे. जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वी या माळरानाजवळ बाजारपेठ होती, व्यापारी होते आणि त्यांच्या नफ्यातला वाटा जिनमंदिराकडे जात होता. आज पेढीवर बसणाऱ्या वाचकाला आपल्या पूर्वसूरींची अशी भेट दुसरीकडे क्वचितच घडेल. मूल तोवर दगडांवरचे कोरीव हत्ती आणि खऱ्या शेळ्या यांत मनापासून रमलेले असते. मोडक्या दगडांत पाय घसरण्याचा, विंचू-काट्याचा धोका असतो, म्हणून त्याला मोकळे सोडू नये.

संध्याकाळसाठी गंगापूर रस्त्यावर सोमेश्वर आहे. उन्हाळ्यात तिथला धबधबा क्षीण असतो, पण गोदाकाठची झाडे आणि मोकळी जागा मुलाच्या धावण्याला पुरेशी होते. पाण्याच्या कडेला मात्र एका मोठ्या माणसाने मुलाचा हात सोडू नये.

सूर्यास्तापूर्वीचे ताट

प्रवासात जैन कुटुंबाच्या आहारनियमांची अडचण होते, अशी तक्रार तरुण मंडळी करतात. लहान मूल सोबत असताना उलट अनुभव येतो. दीड-दोन वर्षांच्या मुलाला संध्याकाळी सहाच्या आसपास भूक लागते आणि आठपर्यंत झोप येते. मेमध्ये नाशिकला सूर्य सातच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्या घराचे ताट त्याआधीच वाढले जाते. भोजनशाळाही त्याच वेळेला चालते. हॉटेलातली रात्री साडेनऊची पंगत, ताटकळलेले मूल आणि पेंगत भरवले जाणारे घास ही जी धांदल इतरांच्या वाट्याला येते, ती इथे येत नाही. मूल आणि आजोबा एकाच वेळी जेवतात, एकाच वेळी आरतीला जातात आणि जवळजवळ एकाच वेळी झोपतात. रात्री दूध मागणाऱ्या तान्ह्या मुलाबाबत प्रत्येक घर आपल्या परंपरेप्रमाणे ठरवते. त्यासाठी आईला कोणाला उत्तर द्यावे लागू नये.

पाण्याचेही तसेच. प्रवासात मुलांना होणाऱ्या जुलाब-उलट्यांचे मोठे कारण अशुद्ध पाणी. तीर्थांवर उकळलेले, गाळलेले पाणी सहज मिळते. श्वेतांबर परंपरेत अशा पाण्याची उन्हाळ्यातली मर्यादा पाच प्रहर, हिवाळ्यात चार आणि पावसाळ्यात तीन प्रहर सांगितली आहे. पाणी उकळून किती वेळ झाला हे लक्षात ठेवण्याची सवय ज्या घरात आहे, त्या घराला मुलाच्या बाटलीबाबत वेगळा धडा नको. घराबाहेर पडताना त्याच पाण्याची बाटली आणि ओआरएसची पाकिटे जवळ असावीत. मूल नेहमीपेक्षा कमी लघवी करू लागले, ओठ कोरडे पडले, रडताना डोळ्यांत पाणी येईना किंवा ते विनाकारण सुस्तावले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता बालरोगतज्ज्ञ गाठावा. नाशिक मोठे शहर असल्याने तो जवळ असतो. दुर्गम डोंगरावरच्या ठिकाणाऐवजी नाशिक निवडण्याचे हेही एक सबळ कारण आहे.

दिवसाची आखणी कशी असावी, हे साधू-साध्वींच्या विहाराकडे पाहून शिकावे. मुंबई-नाशिक महामार्गावरून उन्हाळ्यात विहार करणारे साधुवृंद पहाटेच्या उजेडात निघतात, ऊन तापण्याआधी पुढचा मुक्काम गाठतात आणि दुपार एका जागी घालवतात. मूल घेऊन फिरणाऱ्यांनीही सकाळी साडेनऊ-दहापर्यंत बाहेरचे सारे आटोपावे. अकरा ते साडेचार खोलीबाहेर पडू नये. पाचनंतर पुन्हा थोडे फिरावे. दिवसाला एकच ठिकाण पुरे.

फळांचा मात्र मनसोक्त आनंद घ्यावा. आर्द्रा नक्षत्र लागेपर्यंत आंबा आहे आणि घरच्या आमरसाइतके मुलाला प्रिय काही नसते. द्राक्षांचा मुख्य हंगाम एप्रिलपर्यंत ओसरतो. मिळालीच तर लहान मुलाला अख्खे द्राक्ष देऊ नये, उभे चिरून द्यावे. गुळगुळीत गोल फळ घशात अडकण्याचा धोका पाच वर्षांखालच्या मुलांना अधिक असतो. रस्त्याकडेला मिळणारी जांभळेही बी काढूनच द्यावीत.

खोली ठरवण्यापूर्वी

धर्मशाळेत किंवा आरोग्यभवनात दूरध्वनी करताना भाड्यापलीकडे आणखी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. तळमजल्यावर खोली मिळेल का? पश्चिमेच्या भिंतीला दुपारचे ऊन लागते का? वीज गेल्यास पंखा चालतो का? दूध तापवण्याची सोय आहे का? भोजनशाळेच्या वेळा कोणत्या, आणि लहान मुलासाठी कमी तिखटाचे वरण-भात मिळेल का? वापरलेले डायपर टाकण्याची व्यवस्था कुठे आहे? हा शेवटचा प्रश्न संकोचाचा वाटतो, पण तीर्थाचे आवार स्वच्छ राखायचे तर तो आधीच विचारलेला बरा. व्यवस्था नसेल तर पिशवीत बांधून बाहेर नेण्याची तयारी ठेवावी. अक्षय्य तृतीयेच्या आसपास वर्षीतपाच्या पारण्यांमुळे अनेक तीर्थांवर गर्दी असते. त्या सोहळ्यासाठीच जायचे नसेल तर ते दोन-तीन दिवस टाळावेत.

आणि घरातच, निघण्यापूर्वी, एक ठराव करावा. पाच दिवसांच्या मुक्कामात मुलाजवळ कोणत्या दिवशी कोण थांबेल, हे कागदावर लिहावे. आजोबांचे नाव त्यात असावे, मुलाच्या वडिलांचे दोनदा असावे. सूनबाईंच्या वाट्याला एक सकाळ पूर्ण मोकळी यावी. त्या सकाळी त्यांनी गजपंथ चढावा, सामायिक करावी किंवा नुसते निवांत झोपावे. कोणी कारण विचारू नये.

दोन वर्षांच्या मुलाला या प्रवासातले फारसे काही आठवणार नाही. गजपंथाच्या पायथ्याशी आजोबांचे बोट धरून चढलेल्या पाच पायऱ्या, आरतीची घंटा, पहाटेचा गार वारा हे सारे त्याच्या मनातून पुसले जाईल. ज्यांना आठवेल ती मोठी माणसे आहेत. आजींना आपले दर्शन निवांत झाले हे आठवेल, आईला आपल्यालाही सुट्टी मिळाली हे आठवेल. पुढे सहा-आठ वर्षांनी हेच मूल स्वतःच्या पायांनी मांगी-तुंगी चढू लागेल, तेव्हा त्याला घेऊन निघण्याचा उत्साह घरात टिकून असेल तो या आठवणींच्या बळावरच.